नागपुरात मानेवाड्याला आमच्या अंगणात पिवळ्या पट्ट्यांचा कोळी आला आहे. जाळं ठेवू की काढू?

अंगणवेल | १९ सप्टेंबर, सकाळी ७.५०

पोळा झाला, ईडापीडा घेऊन जाणारी मारबत निघाली, महालक्ष्म्या जेवून गेल्या, परवा गणपतीही गेले. आमच्याकडे पितृपक्षातच घर झाडायला काढतात, घट बसायच्या आत सगळं लख्ख व्हायला पाहिजे. यंदा माझं झाडणं मात्र एका जागी येऊन अडलं आहे.

अंगणात नळाजवळ जास्वंद आहे, तिच्या बाजूला कढीपत्ता. त्या दोघांच्या मधात आठवड्यापूर्वी एक जाळं दिसलं. स्कूटीच्या चाकाएवढं गोल आणि मधोमध डोकं खाली करून बसलेला कोळी. इतका रंगीत कोळी मी आजवर पाहिला नव्हता. पोटावर हळदीसारखे पिवळे पट्टे, मधून तपकिरी, मानेकडे चंदेरी चमक. आठ पाय दोन-दोन जोडून ताणलेले, त्यामुळे लांबून चारच वाटतात. आणि पायांच्या रेषेत जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली! शिवणयंत्रावर कच्ची टीप घालावी तशी.

सासूबाई म्हणतात, दारात मकडीचं जाळं असणं बरं नाही, आणि अंगावर मुतली तर फोड येतात. माझी मुलगी चौथीत आहे. तिनं तोवर त्या मकडीचं नाव 'हळदी' ठेवून टाकलं आणि वहीत रोज जाळ्याचं चित्र काढून राहिली आहे. फोटो चढवायचा तीनदा प्रयत्न केला, चढत नाही. हा कोणता कोळी? चावतो का? फुली कशाची? आणि खरं विचारायचं ते हे, की जाळं राहू देऊ का? घटस्थापना ३ ऑक्टोबरला आहे, तोवर निर्णय पाहिजे.

पिंपळपान | १९ सप्टेंबर, सकाळी ८.१५

मारबतीसोबत गेली नाही म्हणजे ती ईडापीडा नाही. राहू द्या!

रानपाखरू | १९ सप्टेंबर, सकाळी ९.०५

अंगणवेल ताई, फोटोची गरजच पडली नाही इतकं नेमकं लिहिलंत. हा सिग्नेचर स्पायडर, म्हणजे जाळ्यावर सही करणारा कोळी. शास्त्रीय नाव आर्जिओपी. मुलीनं मुलीचं नाव ठेवलं ते अगदी बरोबर आहे, कारण जाळ्यात दिसणारी ही रंगीत, ठसठशीत व्यक्ती मादीच असते.

एवढं पाहून सांगा: पोट लांबट अंडाकृती असून त्यावर बारीक काळ्या रेघांची गर्दी आहे, की मागे रुंद होत गेलेलं ढालीसारखं पोट आणि त्यावर पिवळे-तपकिरी रुंद पट्टे आहेत? पहिलं असेल तर ती अ‍ॅम्युला. दुसरं असेल तर अ‍ॅनासुजा किंवा पुल्चेला. या दोघींमधला नेमका फरक पोटाखालचा जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवतात, त्यामुळे अंगणात उभं राहून तेवढ्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

माणसाला तिच्यापासून धोका नाही. विष आहे, पण ते टोळ-माशांपुरतं. मुठीत दाबली तर चावेल, मधमाशीच्या डंखाएवढं दुखेल. आपण होऊन ती कुणाच्या अंगावर येत नाही. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात गवतातून चालताना सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी जाळी मला दर वर्षी दिसतात. पावसाळा सरता सरता माद्या पूर्ण वाढतात आणि अचानक नजरेत भरतात. त्या आठवड्यापूर्वी आल्या नाहीत. जूनपासून तिथंच होत्या, फक्त मोहरीएवढ्या होत्या.

अंगणवेल | १९ सप्टेंबर, सकाळी ९.४०

ढालीसारखं! मागे रुंद. आणि 'जूनपासून तिथंच होती' हे वाचून अंगावर काटा आला. रोज त्याच जास्वंदीची फुलं तोडते मी.

शांतनिवास | १९ सप्टेंबर, दुपारी १.२०

मी वेगळं मत मांडतो. मला कोळ्यांची फार भीती वाटते, लहानपणापासून. हात थंड पडतात, छाती धडधडते. घरात असा कुणी असेल, पाहुणा असेल, तर नळाजवळचं जाळं त्याच्यासाठी खरा त्रास आहे. निसर्ग जंगलात ठीक आहे, येण्याजाण्याच्या वाटेवर कशाला? काठीवर जाळं गुंडाळून मागच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन सोडा. मारू नका, पण हलवा.

रानपाखरू | १९ सप्टेंबर, दुपारी २.००

शांतनिवास, तुमची भीती खरी आहे आणि हलवण्याचा पर्यायही चांगला आहे. मी स्वतः लोकांच्या दारातून हलवून दिले आहेत. फक्त काठीवर जाळं गुंडाळू नका, त्यात तिचे पाय मोडतात. रुंद तोंडाची बरणी खालून धरायची आणि वरून कागदानं हलकेच ढकलायचं. घाबरली की ती सरळ खाली पडते, तीच तिची सुटकेची पद्धत. बरणीत आपोआप येते. नव्या जागी झुडपावर सोडली की रात्रीतून नवं जाळं विणते.

पण ताईंचं जाळं जास्वंद आणि कढीपत्त्याच्या मधात आहे, वाटेवर नाही. म्हणून मी राहू द्या म्हणेन.

काटोलचा बगीचावाला | १९ सप्टेंबर, रात्री ९.३०

ताई, काढू नका ते जायं. आमच्या संत्र्याच्या बगीच्यात दोन झाडायच्या मधात असे जायेच जाये राहते सप्टेंबरात. सकायी पानी लावाले गेलो का तोंडावर येते, म्हनून एक काडी समोर धरून चालतो. आमचे बाबा त्या मकडीले 'पिवळी राखनदारीन' म्हनत. नाकतोडे, माशा, लिंबावरचे ते काये-पिवये फुलपाखरू, सगळं गुंडाळून ठेवते. त्या फुलपाखराच्या अया कलमायचे कोवये पानं साफ करते, तुमाले शहरात मालूम नसन.

एक गोष्ट मी पक्की पाह्यली हाय. ज्या वर्षी फवारा जास्त मारला त्या वर्षी जाये दिसत नाई. कीड आठ दिवसानं परत येते, मकडी काई त्या सालात येत नाई.

मधुबन | २० सप्टेंबर, सकाळी ६.४५

बगीचावाले भाऊ, मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवते, म्हणून दुसरी बाजू सांगणं भाग आहे. हा कोळी मित्रकीटक-शत्रुकीटक असा भेद करत नाही. माझ्या पेटीपासून चार हातांवर एकीनं जाळं विणलं होतं आणि तिच्या फुलीखाली मधमाश्यांच्या गुंडाळ्या लटकत होत्या. मी तिला हलवलं, आणि हलवताना वाईट वाटलं नाही. संत्र्याला फळ धरायला बहराच्या वेळी माश्या पाहिजेतच ना?

काटोलचा बगीचावाला | २० सप्टेंबर, सकाळी ७.१०

बरोबर हाय ताई तुमचं. पेटीजवळची हलवाच. पन मोठे जाये दिसते ते पावसाळ्याच्या शेवटाले. आंबिया बहाराचा फूल फुटते जानेवारी-फेब्रुवारीत, तवा एवढी मोठी मकडी बगीच्यात दिसत नाई. म्हनून बगीच्यात आमचं तिचं भांडन नाई.

डॉक्टरकाकू | २० सप्टेंबर, सकाळी ११.००

फोडांबद्दल मला बोललंच पाहिजे. त्वचारोगाची डॉक्टर म्हणून पस्तीस वर्षं काम केलं, आणि 'मकडी मुतली' म्हणून आलेले रुग्ण पावसाळ्यात रोज असत. त्यांच्यातला एकही मला कोळ्यामुळे फोड आलेला सापडला नाही.

बहुतेकांना त्रास व्हायचा तो पेडेरस नावाच्या किड्याचा. लांबट, सडपातळ, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा. धानाच्या बांधांवर, ओल्या गवतात वाढतो, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडचे रुग्ण जास्त. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटकडे येतो. मानेवर बसला की आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीवर पसरतं. लगेच काही होत नाही. एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा लाल पट्टा आणि बारीक फोड येतात. किडा कुणाच्या लक्षात नसतो, पण कोपऱ्यातलं जाळं समोर दिसतं, मग आळ कोळ्यावर. असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्यानं धुवा.

दुसरा प्रकार नागिणीचा. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड आणि आग, काही वेळा फोडांच्या आधीच दुखणं सुरू होतं. तो कांजिण्यांचाच विषाणू, वर्षानुवर्षं मज्जातंतूत झोपलेला असतो आणि पुन्हा जागा होतो. याला औषध आहे आणि ते पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर चांगला उपयोग होतो. मकडी मुतली म्हणून लोक घरीच लेप लावत बसतात आणि तो मोलाचा वेळ निघून जातो. मला या गैरसमजाचा राग येतो तो एवढ्यासाठी.

अंगणवेल, सासूबाईंना हे वाचून दाखवा. माझा नमस्कार सांगा.

अंगणवेल | २० सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

काकू, वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीला असंच पाठीवर झालं होतं आणि घरच्यांनी पंधरा दिवस नुसतं गेरू लावून ठेवलं होतं. मावशींची पाठ पुढं कित्येक महिने दुखत होती. मला हे आजवर माहीतच नव्हतं.

जाळ्याचा निर्णय अजून झाला नाही, पण काल संध्याकाळी आईंनी पाइपनं पाणी मारताना तो कोपरा सोडला, हे मी खिडकीतून पाहिलं.

कोकणकडा | २० सप्टेंबर, रात्री १०.०५

हा कोळी मोठा वाटत असेल तर पावसाळ्यात आंबोलीला या. तिथं नेफिला असते, जायंट वूड स्पायडर. मादीचं नुसतं धडच तीन ते पाच सेंटिमीटर, पायांसकट तळहात झाकला जातो. काळं अंग, त्यावर पिवळ्या खुणा. जाळं उन्हात खरोखर सोनेरी दिसतं, कारण धाग्यातच पिवळा रंग असतो. आणि नर? जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. एकाच जाळ्यात दोघं बसलेली पाहिली की एकाच जातीची आहेत यावर विश्वास बसत नाही.

टसरताना | २१ सप्टेंबर, सकाळी १०.२०

सोनेरी धागा म्हटलं की मला राहवत नाही. आमच्या घरी तीन पिढ्या टसरवर करवतकाठी विणली जाते, म्हणून या धाग्याची गोष्ट मी शोधून वाचली होती.

मादागास्करमध्ये सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनी नेफिलाच्या जातकुळीतल्या कोळ्यांपासून कापड विणलं. दहा लाखांहून जास्त माद्या रानातून पकडल्या, हातयंत्रावर धागा ओढून घेतला आणि परत रानात सोडल्या. चार वर्षांच्या कामानंतर साधारण ११ फूट लांब आणि ४ फूट रुंद वस्त्र तयार झालं, २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ते मांडलं. पुढे अंगरखाही केला, तो २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होता. रंग दिलेला नाही, तो पिवळा सोन्याचा रंग धाग्याचाच.

आमच्या टसरच्या अळ्या अर्जुन-ऐनाच्या झाडावर शेजारी-शेजारी पाला खातात, कोष करतात. कोळी शेजारी ठेवले की एकमेकांना खातात. कोळ्याचा धागा बाजारात आला नाही याचं हे एक मोठं कारण. नाहीतर त्या धाग्याची चिवटाई पाहिली तर कुठलाही विणकर हात जोडेल.

पंतोजी | २१ सप्टेंबर, दुपारी १२.१५

संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात. ऊर्णा म्हणजे लोकर, ज्याच्या नाभीतून लोकर निघते तो. आणि मुंडक उपनिषदात अक्षरापासून विश्व कसं उपजतं हे सांगताना कोळ्याचाच दृष्टांत आहे: तो धागा बाहेर सोडतो आणि परत आत घेतो. 'आत घेतो' हे मला शिकवताना नेहमी काव्य वाटायचं. कोळी खरंच धागा आत घेतो का?

रानपाखरू | २१ सप्टेंबर, दुपारी १.४०

पंतोजी, खरंच घेतो. तोंडानं. जुनं जाळं खातो. रात्रभर आणि दिवसभर धूळ बसून, टोळांनी फाडून जाळ्याचा चिकटपणा जातो. मग हे कोळी जुने धागे गोळा करून खातात आणि त्याच प्रथिनांपासून नवे विणतात. १९७१ साली डेव्हिड पीकॉल यांनी धाग्याला किरणोत्सारी खूण लावून पाहिलं, तर खाल्लेल्या धाग्यातली प्रथिनं अर्ध्या तासात नव्या जाळ्यात दिसली. नाभीबद्दल मात्र थोडी दुरुस्ती: धागा निघतो पोटाच्या मागच्या टोकाला असलेल्या तंतुग्रंथींच्या तोट्यांतून, आणि एकाच कोळ्याकडे वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे धागे असतात. चौकटीचा आणि आऱ्यांचा धागा कोरडा, चिवट. गोल फिरत जाणारा धागा ताणला जाणारा आणि डिंकाच्या थेंबांचा. आपली हळदी चालते ती कोरड्या आऱ्यांवरून. भक्ष्य गुंडाळायचा धागा आणखी वेगळा, त्याची तर चादरच निघते. हळदी नाकतोड्याला आधी चावत नाही. आधी मागच्या पायांनी त्या चादरीत गरगर गुंडाळते, मग चावते. मोठ्या लाथाळ जनावराशी तिनं काढलेला तो सुरक्षित मार्ग आहे.

पंतोजी | २१ सप्टेंबर, दुपारी ४.३०

तीस वर्षं तो दृष्टांत शिकवला, आणि तो कुणाच्यातरी अंगणातल्या निरीक्षणातून आला असेल हे आज कळलं. फार आनंद झाला. अंगणवेल, मला आपल्या मुलीची वही पाहायला आवडेल.

अंगणवेल | २२ सप्टेंबर, सकाळी ८.००

वहीतलं लिहून देते, तिनं स्वतः सांगितलं तसं. १५ तारखेला फुलीचे चारही हात होते. १६ ला दोनच, खालचे. १७ ला पुन्हा दोन. १८ ला पाऊस, जाळं फाटलं, फुली नाही. १९ ला चार. २० ला तीन. २१ ला चार, पण वरचा डावा हात आखूड. ती विचारते आहे की हळदीची सही रोज वेगळी का?

अजून एक. जाळ्याच्या काठाला दोन बारीक तपकिरी कोळी बसले आहेत आणि एक अगदी चांदीच्या थेंबासारखा चमकतो. पिल्लं का?

रानपाखरू | २२ सप्टेंबर, सकाळी १०.३०

ताई, ही वही जपून ठेवा. चौथीतल्या मुलीनं सात दिवस न चुकता एका जिवाची नोंद ठेवली याचं मला किती कौतुक वाटतंय, ते शब्दांत येत नाही.

सहीबद्दल. या नक्षीला शास्त्रात स्टेबिलिमेंटम म्हणतात, कारण पूर्वी वाटायचं की ती जाळ्याला बळकटी देते. पण ती जाळ्यावर सैलसर लावलेली असते, भार पेलत नाही. पुढे दोन मोठी मतं झाली. एक असं की हा धागा अतिनील किरण परावर्तित करतो, कीटकांना ते दिसतात आणि ते फुलाकडे जावं तसे ओढले जातात. क्रेग आणि बर्नार्ड यांनी १९९० मध्ये याच्या बाजूचे पुरावे मांडले. दुसरं मत पक्ष्यांचं. १९८३ साली थॉमस आयस्नर आणि स्टीव्हन नोविकी यांनी रात्री रिकाम्या राहणाऱ्या जाळ्यांवर सकाळी कागदी फुल्या लावल्या. नुसती जाळी दिवस वर येताच पक्ष्यांनी उडता उडता मोडली, फुलीवाली बरीचशी टिकली. म्हणजे फुली ही काचेच्या दारावर पट्टी लावावी तशी सूचना. तिसरीही मतं आहेत, कोळी त्यामुळे मोठा दिसतो वगैरे. जात वेगळी, जागा वेगळी की उत्तरं वेगळी येतात आणि भांडण मिटलेलं नाही.

मला स्वतःला पक्ष्यांचं मत जवळचं वाटतं, ते एका साध्या गोष्टीमुळे. असली नक्षी काढणारे कोळी मुख्यतः दिवसाढवळ्या जाळ्याच्या मध्यावर बसणारे आहेत. संध्याकाळी विणून पहाटे जाळं आवरून घेणारे कोळी सही करत नाहीत. रात्री सही वाचणार कोण?

रोज वेगळी का, तर जाळं नवं म्हणून सहीही नवी. पोट भरलेला कोळी जास्त नक्षी काढतो असंही प्रयोगांत दिसलं आहे. मुलीला सांगा, हात मोजताना जाळ्यात किती शिकार आहे हेही लिही. आणि पुढच्या वर्षी जुलैत पिल्लं शोध, त्यांची सही फुली नसते, मधोमध गोल चकती असते.

काठाचे तपकिरी दोघे पिल्लं नाहीत, ते नर. हळदीच्या निम्म्याहून लहान. चमकणारा थेंब मात्र आर्जिरोडेस, दुसऱ्याच्या जाळ्यात राहून त्याची शिकार चोरून खाणारा कोळी.

पिंपळपान | २२ सप्टेंबर, सकाळी १०.४५

म्हणजे आठ दिवसांत बिनभाड्याचे तीन भाडेकरू. मानेवाड्याला जागेची मागणी वाढली आहेच!

बाईंचा वर्ग | २२ सप्टेंबर, रात्री ९.००

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलीला ही गोष्ट नक्की सांगा. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात अरबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळ्यांच्या माद्या गेल्या होत्या. वजनहीन अवस्थेत कोळी जाळं विणू शकेल का, ही कल्पना ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीची होती. अरबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं, मग काही दिवसांत तिला जमलं.

हळदी नेहमी डोकं खाली करून का बसते, हाही त्याच धाग्यातला प्रश्न. खाली धावणं वर चढण्यापेक्षा जलद होतं. म्हणून गोल जाळ्याचा मध्य बहुधा वरच्या बाजूला सरकलेला असतो, खालचा भाग मोठा. मुलीला पट्टीनं वरची आणि खालची त्रिज्या मोजायला लावा, जाळ्याला न टेकता.

शांतनिवास | २३ सप्टेंबर, सकाळी ७.३०

मी हा धागा रोज वाचतो आहे. भीती गेली नाही. पण काल आमच्या सोसायटीच्या कुंपणावर तसंच जाळं दिसलं आणि मी दहा फुटांवर उभा राहून फुलीचे हात मोजले. तीन होते. तेवढ्यात तिनं जाळं गदगदा हलवायला सुरुवात केली आणि मी मागे सरलो. ती रागावली होती का?

रानपाखरू | २३ सप्टेंबर, सकाळी ८.१०

शांतनिवास, ती घाबरली होती. या कोळ्यांना डोळे आठ असले तरी नजर अधू असते, जग कळतं ते पायांना जाणवणाऱ्या कंपनांतून. मोठं काही जवळ आलं असं वाटलं की त्या जाळं इतक्या वेगानं हलवतात की पक्ष्याला नेम धरता येऊ नये. दहा फुटांवर उभं राहून हात मोजलेत, हे मला फार मोठं वाटतं.

अंगणवेल | ३० सप्टेंबर, रात्री ९.१५

परवा दुपारी दोन नरांपैकी एक मध्यावर गेला. मुलीनं हाक मारली म्हणून आम्ही तिघी पाहायला आलो. तो जाळ्याला टिचक्या मारल्यासारखा पाय हलवत पुढे सरकला. दहा मिनिटांत हळदीनं त्याला नाकतोड्यासारखं गुंडाळलं. मुलगी रडली. मी काय सांगावं ते मला सुचेना. आईच म्हणाल्या, 'तिच्या पोटात लेकरं वाढवायची आहेत बाळा, तिला भूक लागणारच.'

रानपाखरू | ३० सप्टेंबर, रात्री १०.००

आजींनी सांगितलं त्याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. या गटातल्या नरांना मादीजवळ जायची संधी एक-दोनदाच मिळते. ओळख पटावी, शिकार समजू नये म्हणून तो ठरावीक लयीत धागा हलवतो. तरीही बरेच मारले जातात. एका अमेरिकन आर्जिओपीत तर मादीनं हातही न लावता नर मिलनाच्या क्षणी आपोआप मरतो.

अंगणवेल | २ ऑक्टोबर, रात्री ८.४०

उद्या घट बसतात. सकाळी आईंनी स्वतः केरसुणी घेतली, मी श्वास रोखून उभी. छताचे कोपरे, देवघर, जिना, सगळीकडची जळमटं काढली. नळाजवळ आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि कामवाल्या मावशींना म्हणाल्या, 'हे जळमट नाही, हे घर आहे. इथं झाडू नको.' जळमट म्हणजे सोडून दिलेलं जाळं, आणि हे रोज विणलं जातं, असा त्यांचा हिशोब.

काटोलचा बगीचावाला | २ ऑक्टोबर, रात्री ९.०५

आईले आमचा नमस्कार सांगजा ताई. हिशोब लाख रुपयाचा हाय.

मधुबन | ३ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

जळमट आणि घर. माझ्या पेट्यांजवळची पुढच्या वेळी आणखी सांभाळून हलवेन.

अंगणवेल | २३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून हळदी दिसली नाही. त्याआधी चार दिवस तिचं पोट फुगून तट्ट झालं होतं, मग एका सकाळी एकदम सुरकुतलेलं. जाळं होतं पण सही नव्हती. मग जाळंही विरलं. आम्ही कढीपत्त्याखाली, कुंड्यांमागे सगळीकडे शोधलं. ती सापडली नाही, पण जिन्याच्या कठड्याखाली, पानाआड, एक रेशमी पिशवी सापडली, चारी बाजूंनी धाग्यांनी तोललेली. ही तिचीच का? आणि किती दिवस अशी राहील? दिवाळीच्या रंगासाठी रंगारी उद्या येतो आहे.

रानपाखरू | २३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२५

पोट सुरकुतलं त्याच रात्री तिनं अंडी घातली असणार. तिचीच पिशवी, त्यात शेकडो अंडी असतात. अंडी घातल्यावर मादी फार जगत नाही. पिशवी हलवू नका, तिच्यावर रंग किंवा पाणी जाऊ देऊ नका. पिल्लं अंड्यातून निघाली तरी काही काळ पिशवीतच राहतात. बाहेर पडली की उंच टोकावर चढून धागा हवेत सोडतात आणि उडून जातात. डार्विन १८३२ मध्ये बीगल जहाजावर किनाऱ्यापासून साठ मैलांवर असताना दोरखंडांवर असे हजारो इवले कोळी येऊन उतरले होते. त्यामुळे सगळी तुमच्याच अंगणात राहतील अशी काळजी नको. एखादी राहिली तर जास्वंदीत शोधा, गोल चकतीची सही.

अंगणवेल | २४ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

रंगारी आला आहे. कठड्याला पिवळा रंग लागतो आहे. आईंनी पहाटेच उठून त्या जागेभोवती खडूनं चौकट आखली आणि आत मोठी फुली मारून ठेवली. रंगाऱ्यानं विचारलं, हे काय? मुलीनं सांगितलं, 'इथं सही झाली आहे.'

काटोलचा बगीचावाला | २४ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

पोरीले सांगा, दिवाळीनंतर बगीच्यात या म्हनावं. वही घेऊनच.